सिरोंचा गाडीवरची खबरी

माझा किल्ला जळाला तेव्हा मी सिरोंच्याहून परतणाऱ्या गाडीत होते. उमानूरचं जंगल मागे पडलं, आलापल्ली जवळ आली, मोबाइलला रेंज मिळाली आणि साडीवर घातलेल्या खाकी शर्टाच्या खिशातला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. मी एसटीत कंडक्टर आहे. गाडी स्टँडला लागेपर्यंत फोन बाहेर काढायचा नाही, हा मी स्वतःला घातलेला नियम होता. माणसं उतरली, मी मागच्या सीटवर बसले आणि गेम उघडला.

स्क्रीनभर ज्वाळा होत्या. तट कोसळला होता, धान्याची कोठारं काळी पडली होती. हल्ल्यांची यादी वर सरकवत गेले, सरकवत गेले, ती संपेना. प्रत्येक हल्ल्यापुढे हल्ला करणाऱ्याचं नाव होतं आणि त्यातलं एकही नाव परकं नव्हतं. वरोऱ्याचा केमिस्ट, ब्रह्मपुरीचे दोघं भाऊ, मंचेरियालची ती कॉलेजातली पोरगी. सगळ्यात मोठी फौज आमच्या म्होरक्याची होती. आधी मला अलायन्समधून काढलं होतं, मग सगळ्यांनी मिळून जाळलं होतं. माझी निम्मी फौज त्याच म्होरक्याच्या किल्ल्यात पहाऱ्याला ठेवलेली होती. मला काढल्याबरोबर ती घरी परतली आणि जळत्या किल्ल्यात येऊन तीही मेली.

ज्यांनी असले गेम खेळले नाहीत त्यांना सांगते. मोबाइलवर प्रत्येकाला एक किल्ला मिळतो. तो वाढवायचा, फौज तयार करायची, आणि एकट्याने टिकता येत नाही म्हणून शेपन्नास जणांच्या अलायन्समध्ये जायचं. आमच्या अलायन्सचा म्होरक्या भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत राहायचा. त्याला सगळे भाऊ म्हणायचे. आवाज जाड, बोलणं हळू. फॅक्टरीत तो नेमकं काय करायचा ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्याचा उजवा हात म्हणजे जिवतीकडचा एक शाळामास्तर. मास्तरला कुणी कधी चिडलेलं ऐकलं नव्हतं. माझ्या आईला शुगरमुळे पायाला जखम झाली आणि चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा तो रोज मेसेज करायचा. आईने जेवण केलं काय, ड्रेसिंग झालं काय. रक्ताच्या नात्यातल्या कुणीही इतकी चौकशी केली नव्हती.

आमचा शत्रू म्हणजे काळ्या झेंड्याची अलायन्स. मधल्या काळात त्यांच्याशी तह झाला होता. तह म्हणजे दिवसा गोड बोलायचं आणि एकमेकांत माणसं पेरायची. आमचा एक जण त्यांच्यात बसलेला होता, त्याला आम्ही कौतुकाने ‘आपला डोळा’ म्हणायचो. त्यांचा कुणी आमच्यात सापडला, की तो खबरी.

तह मोडला आणि आमचे हल्ले फसायला लागले. जिथे जावं तिथे ते आधीच फौज लावून बसलेले. हजारोंनी माणसं मरायची, म्हणजे गेममधली, पण ती तयार करायला महिने गेलेले असायचे. लोक व्हॉइसवर, म्हणजे गेममधल्या बोलायच्या ग्रुपवर, शिव्या द्यायला लागले. एकमेकांवर संशय घ्यायला लागले. मग भाऊ आणि मास्तरने एक सापळा लावला. तिघांवर संशय होता, त्यात मी होते, कारण माझं गाडीवरून येणंजाणं, मध्येच गायब होणं. तिघांना गुपचूप तीन वेगवेगळी ठिकाणं सांगितली. ज्याच्या ठिकाणी शत्रू जमेल तो खबरी.

शत्रू माझ्या ठिकाणी जमला.

त्या संध्याकाळी सगळे व्हॉइसवर आले. मी घरी, आईच्या खाटेजवळ बसलेली होते.

“बाई, मी तुले बहिणीसारखं मानलं,” भाऊ म्हणाला. “तूच काऊन असं केलं?”

“भाऊ, तुमचा मेसेज मले सिरोंच्यात पोचल्यावर दिसला. जंगलात रेंज नसते. तोवर त्यायची फौज तिथी येऊन बसली होती. टाइम पाहा ना.”

“खबरी असंच बोलते.”

“मले खबरी म्हणू नका.”

“मंग काय म्हणू? खबरी नाई तं काय म्हणू?”

त्यामागून पाचसहा आवाज एकदम आले. खबरी, खबरी. कुणीतरी हसत होतं. मास्तर तेवढा शांत होता. शेवटी तो म्हणाला, “जाऊ द्या, बाईच्या घरी आजारपण आहे.” मला त्या वेळी त्याचे उपकारच वाटले. मी फोन बंद केला. आई विचारत होती, कोण ओरडून राह्यलं? मी म्हटलं, गेम आहे.

माझे वडील एटापल्लीकडच्या एका गावात कोतवाल होते. तहसीलच्या नोटिसा गावात पोचवायच्या, दवंडी द्यायची, साहेब आला की त्याच्यासोबत फिरायचं. या कामासाठी त्यांना आठवड्यातून एकदोनदा तालुक्याला जावं लागे आणि रस्त्यावर पोलिसांचा कॅम्प होता. मी शाळेत होते. एकदा दिवस मावळताना जंगलातले लोक आले. त्यांनी सगळ्या गावाला विहिरीजवळ बसवलं आणि वडिलांना मध्ये उभं केलं. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, हा कॅम्पात जाते का? जाते, कुणीतरी म्हणालं. खोटं नव्हतं ते. मग त्याने विचारलं, हा खबरी आहे का? त्यावर कुणी काही बोललं नाही. ज्यांच्या लग्नात वडील वाढपी होते, ज्यांचे सातबारे त्यांनी हेलपाटे घालून आणून दिले होते, ती सगळी माणसं मातीकडे बघत बसली. नाही म्हणायला एकही तोंड उघडलं नाही.

मग काठ्या सुरू झाल्या. आधी पायांवर. हाड मोडल्याचा आवाज सुक्या बांबूसारखा येतो. आईने माझं डोकं आपल्या पोटात दाबून धरलं होतं, पण कान मोकळे होते. वडील आधी ओरडले, मग आईला हाक मारली, मग फक्त काठ्यांचा आवाज राहिला. आम्ही दुसऱ्या दिवशी एक पिशवी घेऊन चंद्रपूरला आलो, ते गाव पुन्हा पाहिलं नाही. हे मी अलायन्समध्ये कुणालाच सांगितलेलं नव्हतं. गेममध्ये लोक मला सगळ्यात पुढे लढणारी म्हणून ओळखायचे, तेवढं मला पुरत होतं.

दुसऱ्याच दिवशी सिरोंच्याहून परतताना तो जळालेला किल्ला पाहिला आणि मी गेम फोनवरून काढून टाकला. वाटलं, संपलं. पण अलायन्सच्या ग्रुपमध्ये माझा फोटो होता, भाऊबीजेला टाकलेला, खाकी साडीतला. मी सिरोंचा गाडीवर असते हेही सगळ्यांना माहीत होतं.

आठवडाभराने सिरोंच्याला जाताना जिमलगट्ट्याच्या अलीकडे एका फाट्यावर तीन तरुण चढले. गाडी भरलेली होती. बाजार करून निघालेल्या बाया टोपल्या घेऊन खाली बसल्या होत्या, एक म्हातारा कोंबडी मांडीवर धरून होता. त्या तिघांतल्या एकाने फोन समोर धरला आणि माझा व्हिडिओ काढायला लागला.

“तिकीट,” मी म्हटलं.

“पहचाना क्या?” तो हसला. त्याचा आवाज मी ओळखला. अलायन्समध्ये नवीन आलेला, सिरोंच्याकडचा, व्हॉइसवर सगळ्यात जास्त दात काढणारा. तो मागे वळून गाडीला ऐकू जाईल असं ओरडला, “पाहा, पाहा, हेच ती खबरी! सगळ्याची खबर देते हे!”

त्याचे मित्र हसले. गाडीतलं दुसरं कुणी हसलं नाही.

त्या रस्त्यावर तो शब्द कसा पडतो हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. तिकडचाच होता तो. पण त्याच्या डोक्यात तेव्हा फक्त गेम होता, आणि गाडीतल्या माणसांच्या डोक्यात गेम नव्हताच. बाया बोलायच्या थांबल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तशा त्या खाली बघायला लागल्या. म्हाताऱ्याने कोंबडी उचलली आणि तो माझ्यापासून लांब, पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मी त्या माणसांच्या माना पाहत होते. अशा खाली गेलेल्या माना मी विहिरीजवळ पाहिल्या होत्या.

“शब्द मागे घे,” मी म्हटलं.

“काऊन? खबरीले खबरी म्हणायचं नाई?”

तिकिटाचं मशीन माझ्या हातातच होतं. ते चांगलं जड असतं. मी ते पूर्ण ताकदीने त्याच्या तोंडावर मारलं. दात तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. रक्त माझ्या साडीवर उडालं. मी दुसऱ्यांदा मारलं, ते नाकावर बसलं आणि तो सीटच्या दांड्यावर कोसळला. त्याच्या मित्राने मला केसांना धरून खिडकीच्या गजावर आपटलं. भुवई फाटली. डोळ्यात रक्त उतरलं, एका डोळ्याने काही दिसेना, तरी मी मारतच होते. कुणाला लागतंय ते कळत नव्हतं. कुठून बळ आलं मला ठाऊक नाही. तो खाली पडलेला असताना मी त्याच्या हातावर बूट ठेवून उभी राहिले, त्याच हातात फोन होता, आणि बोटं मोडेपर्यंत भार दिला. तो आईच्या नावाने रडत होता.

गाडी कचकन थांबली. आमचा ड्रायव्हर बल्लारपूरचा, निवृत्तीला आलेला मुसलमान माणूस, त्याला मी चाचा म्हणायचे. तो चाक खोलायची टॉमी घेऊन मागे आला. “छोडो उसको,” त्याने एकच वाक्य म्हटलं आणि केसांना धरणाऱ्याच्या खांद्यावर टॉमी हाणली. मग तिघांनाही त्याने लाथा घालून दाराबाहेर ढकललं. शेवटच्याला खाली फेकताना त्याचं डोकं पायरीवर आपटलं. त्यांची एक चप्पल गाडीतच राहिली, ती चाचाने खिडकीतून भिरकावली.

मग तो माझ्याकडे आला. “बेटी, मशीन रख नीचे.”

मला मशीन सोडता येत नव्हतं. बोटं आवळून बसली होती. त्याने एकेक बोट सोडवलं.

सिरोंच्याच्या दवाखान्यात टाके घातले. पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी झाल्या. डेपोने चौकशी लावली आणि ती संपेपर्यंत मला घरी बसवलं. पण मला भीती त्याची नव्हती. त्यांच्यातल्या एकाने व्हिडिओ टाकलेला होता. मारामारीच्या आधीचा भाग, ज्यात तो मला खबरी म्हणतो आणि मी समोर उभी आहे, एवढाच तुकडा या फोनवरून त्या फोनवर फिरायला लागला. तो पाहणाऱ्या कुणाला कळणार होतं की ही गेममधली गोष्ट आहे?

मी घरी पोचले तेव्हा आई उंबऱ्यात बसलेली होती. पायाला पट्टी, आणि मांडीवर भरलेली पिशवी. कुणा शेजारणीने तिला व्हिडिओ दाखवला होता.

“चाल,” ती म्हणाली.

“कुठी?”

“कुठीबी चाल. नागपूरले चाल. त्यायनं नाव घेतलं ना तुह्यं.”

“आई, तो गेम होता.”

“तुह्या बापाचं बी असंच होतं,” आई म्हणाली. “पहिले हसत होते लोक.”

मी तिच्या हातातली पिशवी घ्यायला गेले तर तिने मला ढकललं. दोन दिवस तिने ती पिशवी खाली ठेवली नाही. जेवतानाही पायाशी घेऊन बसायची. दारावर कुणी आलं, अगदी दूधवाला आला, तरी ती पिशवी छातीशी आवळून धरायची. त्या दिवसांत मला त्या पोराचं तोंड आणखी फोडावंसं वाटायचं. आजही मला त्याच्याबद्दल वाईट वाटत नाही.

चौकशी संपली. चाचाने माझ्या बाजूने जबाब दिला. आश्चर्य म्हणजे गाडीतल्या एका टोपलीवाल्या बाईनेही दिला, पोराने आधी काय म्हटलं ते तिने जसंच्या तसं सांगितलं. मला ताकीद मिळाली आणि सिरोंचा मार्गावरून काढून जिवतीच्या गाडीवर टाकलं. सिरोंच्याकडे मी त्यानंतर गेले नाही, कुणी माझ्या मागेही आलं नाही. पण आई महिनोन्‌महिने खिडकी उघडू देत नव्हती.

याच दरम्यान अलायन्स संपली. ते मला मंचेरियालच्या पोरीने फोन करून सांगितलं, रडत रडत. काळ्या झेंड्याने मोठा हल्ला केला. भाऊने सगळी फौज आपल्या किल्ल्यात गोळा केली आणि बचावाचा ताबा मास्तरकडे दिला. मास्तरने ऐन लढाईत पहारा काढून घेतला, अलायन्स सोडली आणि त्याच मिनिटाला काळ्या झेंड्याखाली जाऊन उभा राहिला. तो पहिल्यापासून त्यांचाच होता. भाऊचा किल्ला, ब्रह्मपुरीच्या दोघांचे, केमिस्टचा, सगळे जळाले.

“अक्का, सापळ्याची तिन्ही ठिकाणं मास्तरला माहीत होती,” ती म्हणाली. “आम्हाला कसं नाही सुचलं?”

मलाही सुचलं नव्हतं. त्याने माझ्या आईच्या ड्रेसिंगची चौकशी केली होती.

त्यानंतर एका रविवारी भद्रावतीचा भाऊ घरी आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. आवाजावरून मी धिप्पाड माणूस कल्पिला होता, हा बुटका होता, डोक्याला टक्कल, हातात संत्रा बर्फीचा डबा. माझ्या भुवईवरची खूण पाहून त्याने नजर खाली वळवली.

“बाई, चुकलं मायं,” तो म्हणाला. “पाया पडतो.”

मी दारातून बाजूला झाले. आईने त्याला पाणी दिलं आणि समोर बसून त्याला नीट न्याहाळलं.

“भाऊ,” तिने विचारलं, “तुमच्या त्या खेळात खबरीले काय करते?”

“किल्ला जाळते, बाई.”

“बस? एवढंच?”

“एवढंच.”

मग आईने त्याला सांगितलं. विहीर, काठ्या, गाव. मी इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ते सलग ऐकलं नव्हतं. पायांपासून सुरुवात केली, हेही तिने सांगितलं. भाऊच्या हातातला पेला तिरका झाला होता, पाणी त्याच्या पँटवर सांडत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं. जाताना तो दारात चप्पल घालायचीच विसरला, कोपऱ्यावरून परत आला. बर्फी आईने शेजारच्या पोरांना वाटून टाकली.

मास्तर मला पावसाळ्यानंतर भेटला. गडचांदूरला गाडीत चढला, पांढरा शर्ट, बगलेत वह्यांचा गठ्ठा. “जिवती, एक,” म्हणाला आणि मी जागीच थांबले. आवाज तोच, हळू आणि गोड. त्यानेही माझ्या भुवईकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. आजूबाजूला त्याच्याच भागातले लोक होते, त्याला नमस्कार करत होते.

“मीच काऊन?” मी विचारलं. आवाज चढवला नाही. “तिघं होते. मलेच काऊन निवडलं?”

त्याने खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं. “तू सगळ्यात भारी लढत होती. तुले काढल्याशिवाय भाऊचा किल्ला पडत नव्हता.”

“आणि आईचं विचारत होते ते?”

“ते खरं होतं.” मग म्हणाला, “खेळच होता ना बाई. मले काय माहीत तू गाडीत...”

मी तिकीट काढायला मशीनवाला हात वर केला. मास्तरने झटकन दोन्ही हात तोंडावर घेतले आणि अंग चोरून खिडकीशी दबला. वह्या खाली पडल्या. गाडीतले लोक बघायला लागले. मागच्या बाईने विचारलं, “काय झालं जी गुरुजी?”

मारावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू, मनगट तयार झालं होतं. दातावर कुठे बसेल हेसुद्धा मला दिसत होतं. मी तिकीट फाडलं, त्याच्या मांडीवर ठेवलं आणि पुढच्या सीटकडे गेले. घाट चढायच्या आधीच्या थांब्यावर तो उतरला. जिवती अजून बरीच लांब होती. ऊन चांगलंच तापलं होतं आणि तो वह्या छातीशी धरून रस्त्याच्या कडेने चालायला लागला.

“मास्तर इथी काऊन उतरला?” ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

“त्याले विचारा,” मी म्हटलं आणि डबल बेल दिली.